नाशिकमध्ये शिकताना जेवणाचे पैसे संपले तर: आजच्या ताटापासून वर्षभराच्या भत्त्यापर्यंत, कोणत्या क्रमाने काय करायचं

पैशांची ओढाताण सुरू झाली की बाहेरगावचा विद्यार्थी सगळ्यात आधी पोटावर काट मारतो. खोलीचं भाडं थांबत नाही, फी थांबत नाही, मग नाश्ता बंद होतो. पुढच्या महिन्यात मेसची एक वेळ कमी होते. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण, धुळे, नंदुरबारकडून नाशिकला आलेल्या किती मुलामुलींचं हे असंच चालू असतं, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाही ते कळत नाही.

मदत आहे, पण ती मागण्याचा क्रम हमखास चुकतो. मुलं थेट मोठ्या योजनेचा अर्ज भरतात, "पैसे आले की देतो" म्हणून मेसवाल्या काकूंकडे उधारी वाढवतात आणि हप्ता जमा व्हायला परीक्षा उजाडते. तोवर काकू डबा बंद करतात. म्हणून इथला क्रम असा आहे: आधी आजचं जेवण, मग महिन्याचं धान्य, मग मेस आणि कॉलेज, आणि सगळ्यात शेवटी वर्षाचा भत्ता. भत्त्याचा अर्ज लवकरच करायचा आहे, पण त्या पैशांवर या महिन्याचं जेवण अवलंबून ठेवायचं नाही.

## टप्पा १: आज जेवायचं कुठे

कागदपत्रं, दाखले, अर्ज हे सगळं उद्या. उपाशीपोटी रांगेत उभं राहून कोणाचंच काम नीट होत नाही.

शिवभोजन केंद्र. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही, विद्यार्थी असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. नाव-मोबाइल विचारतात आणि ॲपवर फोटो काढतात. तो प्रत्येकाचाच काढतात, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. केंद्रं साधारणपणे सरकारी दवाखाना, बसस्थानक, बाजार समिती अशा वर्दळीच्या जागांजवळ असतात.

चूक होते ती वेळेत. शिवभोजन फक्त दुपारचं असतं आणि प्रत्येक केंद्राला थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असते. प्रॅक्टिकल संपवून अडीचला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. लेक्चर मागेपुढे असेल त्या दिवशी लवकर जा.

> तपासा: अनुदान रखडल्यामुळे राज्यात काही केंद्रं बंद पडली. जुन्या यादीच्या भरवशावर सिटीलिंक या शहर बसचं तिकीट काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका. आपल्या भागातलं केंद्र चालू आहे का, ते एकदा जाता-येता डोळ्यांनी पाहून ठेवा.

लंगर आणि अन्नछत्र. शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वारात लंगरची वेळ विचारून जा. डोकं रुमालाने झाकायचं, चपला बाहेर काढायच्या, पंगतीत बसायचं आणि ताटात घेतलेलं संपवायचं. धर्म, जात, कारण कोणी विचारत नाही. मनमाडचं कोणी असेल तर तिथल्या गुरुद्वाराचा लंगर त्यांना माहीत असतोच. पंचवटीत रामकुंड परिसरातही वेगवेगळ्या मठ-मंदिरांत प्रसादाचं जेवण असतं, पण त्याचे तिथी-वार ठरलेले असतात, ते जवळच्या दुकानदाराला विचारलं की कळतं.

हे सगळं अडीनडीच्या दिवसांसाठी आहे. महिनाभर रोज दुपारी यावरच राहायचं ठरवलंत तर रात्रीच्या जेवणाचा प्रश्न तसाच राहतो आणि लेक्चर बुडतात. हजेरीचं महत्त्व पुढे सहाव्या टप्प्यात येईल.

> इशारा: या टप्प्यावर मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका. दोन हजारांच्या मेससाठी घेतलेलं कर्ज व्याज आणि धमक्यांसकट वाढत जातं. त्यापेक्षा रूममेटकडून दोनशे रुपये मागा.

## टप्पा २: गावाच्या रेशनकार्डावर नाशिकमध्ये धान्य

बहुतेकांना माहीत नसलेली आणि माहीत असली तरी चुकीच्या पद्धतीने केली जाणारी गोष्ट ही. म्हणून यावर जरा थांबू.

घरच्या रेशनकार्डात तुमचं नाव असेल आणि कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब योजनेतलं असेल, तर 'एक देश एक रेशनकार्ड' सुविधेमुळे नाशिकमधल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येतं. नवं कार्ड लागत नाही, गावातून नाव कमी करावं लागत नाही, पत्ता बदलावा लागत नाही. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदयात माणशी नव्हे, अख्ख्या कुटुंबाला मिळून ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दुकानदार पैसे मागत असेल तर ते चुकीचं आहे.

पहिलं काम: कार्ड कोणतं आहे ते पाहा. पिवळं कार्ड अंत्योदयाचं असू शकतं, केशरी कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असू शकतो. शिक्का नसलेल्या केशरी कार्डावर आणि पांढऱ्या कार्डावर हे धान्य मिळत नाही. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये आहे. घरी फोन करून कार्डाच्या पहिल्या पानाचा आणि नावांच्या पानाचा फोटो मागवा. त्यावरचा १२ अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवा.

दुसरं काम: ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे का ते पाहा. शिकायला बाहेर असलेली मुलं इथेच अडकतात. गावात आई-वडिलांनी दुकानात जाऊन अंगठे दिले, मुलगा नाशिकला असल्याने त्याचं राहून गेलं. मग त्याच्या वाट्याचं धान्य थांबतं आणि कुटुंबाला वाटतं की सरकारनेच कमी केलं. ही ई-केवायसी करायला गावी जावं लागत नाही. नाशिकमधल्या दुकानातल्या ई-पॉस म्हणजे अंगठा घेणाऱ्या मशीनवर ती होते किंवा 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होते. ॲपसाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा.

तिसरं काम: घरी बोलून ठरवा. हे न करता गेलात तर घरात भांडण ठरलेलं. मशीनवर कुटुंबाचा त्या महिन्याचा सगळा कोटा एकत्र दिसतो. गावात वडिलांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळं उचललं असेल तर तुमच्यासाठी शून्य उरतं. उलट तुम्ही इथे अंगठा देऊन सगळंच उचललं तर गावातली चूल थंड. "मी माझे पाच किलो इथे घेतो, बाकीचं तुम्ही तिथे घ्या" असं आधी ठरवा आणि दुकानदारालाही तसंच सांगा.

चौथं काम: दुकानात. आधार कार्ड, रेशनकार्डाचा क्रमांक आणि दोन पिशव्या घेऊन जा. बारा अंकी क्रमांक मशीनमध्ये टाकला की कुटुंबातली नावं येतात. आपलं नाव निवडायचं आणि अंगठा द्यायचा. शेतात, बांधकामावर काम करणाऱ्या मुलांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, मशीन दोन-तीनदा नाकारतं. घाबरू नका. बोट स्वच्छ पुसा, कोरडं करा, दुसरं बोट लावा. कांदा भरणीवरून थेट आलेल्या हाताने तर मुळीच प्रयत्न करू नका. अंगठा लागल्यावर पडद्यावर किलो दिसतात. ते नीट वाचा, मगच पुढे जाऊ द्या. शेवटी निघणारी पावती मागून घ्या आणि तिच्यावर लिहिलेले किलो काट्यावर मोजून घ्या.

दुकानदार म्हणेल, "तुमचं कार्ड इथलं नाही." त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे म्हणा, "पोर्टेबिलिटीवर द्या, मशीनमध्ये नंबर टाकून पाहा." कधी खरंच त्याच्याकडे साठा कमी असतो, कारण त्याला आपल्या नेहमीच्या कार्डधारकांना पुरवायचं असतं. अशा वेळी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात या किंवा शेजारचं दुकान पाहा. साठा असूनही नकारच मिळाला तर दुकान क्रमांक टिपून १९६७ किंवा १८००-२२-४९५० या मोफत क्रमांकांवर तक्रार करा. दुकान क्रमांक फलकावर लिहिलेला असतो.

> तपासा: कार्डात तुमचं नावच नसेल तर आधी ते वाढवावं लागेल. हे काम गावच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून होतं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की पहिल्याच दिवशी करा, शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असतं.

> इशारा: रेशनचं धान्य विकू नका. मेसवाल्याला देऊन बदल्यात पैसे घेणंही त्यातच येतं. रूममेट मिळून एकत्र शिजवून खाणं वेगळं.

पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. एका वेळच्या पोटभर जेवणाचा आधार यातून होतो. दुसऱ्या वेळेसाठी पुढचा टप्पा.

## टप्पा ३: मेसचा हिशेब आणि खोलीवरची चूल

मेस पूर्ण बंद करण्याआधी बोला. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, आडगाव, सातपूर भागातल्या बहुतेक मेस घरगुती आहेत. त्या चालवणाऱ्या काकूंना मुलांची परिस्थिती कळते. मात्र महिनाभर टाळून, फोन न उचलून, मग एकदम समोर उभं राहिलं तर कोणाचाही विश्वास उडतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच सांगा.

बोलताना तीन गोष्टी विचारा. एक वेळेचा दर काय? खाडा धरता का आणि किती आधी सांगावं लागतं? महिन्याचे पैसे दोन हप्त्यांत चालतील का? खाड्याच्या बाबतीत मुलं फार नुकसान करून घेतात. शनिवार-रविवार गावी जातात, सांगत नाहीत, आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरतात. काही मेसमध्ये सलग तीन दिवसांच्या खालचा खाडा धरत नाहीत. हे पैसे देण्याआधी विचारायचं.

काही ठिकाणी संध्याकाळी पोळ्या लाटायला, वाढायला, डबे पोहोचवायला माणूस हवा असतो आणि त्या बदल्यात जेवण मिळतं. मला हा मार्ग चांगला वाटतो, पण तास आधी ठरवून घ्या. "जरा मदत कर" म्हणून सुरू झालेलं काम चार तासांवर जातं आणि अभ्यास मागे पडतो.

एक वेळ मेस आणि एक वेळ खोलीवर हा हिशेब बहुतेकांना जमतो. खोलीमालक गॅस चालू देत नसेल तर इंडक्शन किंवा भाताचा कुकर चालेल का ते विचारा, वीजबिलात काय भर घालायची तेही त्याच वेळी ठरवा. रेशनचा तांदूळ आणि मूग किंवा मसूर डाळ एकत्र शिजवली की खिचडी होते. गहू गिरणीतून दळून आणला तर पोळ्या. तीन-चार जणांनी मिळून शिजवलं तर खर्च कमी होतो.

ज्यांच्याकडे काहीच शिजवता येत नाही त्यांनी सातूचं पीठ, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि दडपे पोह्यांवर सकाळ काढावी. मोड आलेले मूग करायला फक्त पाणी आणि ओलं फडकं लागतं. वडापाव स्वस्त वाटतो, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते.

गावाकडून आणण्यासारखं बरंच असतं. नागलीचं पीठ, उडीद, भुईमुगाच्या शेंगा, खुरासणीची चटणी हे बॅगेत बसतं आणि टिकतं. काही घरांतून आठवड्यातून एकदा एसटीने डबा किंवा पिशवी येते. गाडी जुन्या सीबीएसला लागते, मेळा स्थानकात, ठक्कर बाजारला, महामार्गावर की निमाणीला, ते नीट विचारून घ्या, नाहीतर पिशवी एका स्थानकावर आणि तुम्ही दुसऱ्या. भाजीसाठी गंगेवरचा, म्हणजे गोदाघाटावरचा, बुधवारचा बाजार. संध्याकाळी उशिरा गेलं की उरलेला माल कमी भावात निघतो. चौघांची भाजी एकत्र घ्या, पालेभाजी दोन दिवसांपुरतीच.

## टप्पा ४: कॉलेजमध्ये कोणाला, काय लिहून द्यायचं

कॉलेजात मदत मागायला मुलं बहुधा वर्गशिक्षकांकडे जातात, तोंडी सांगतात आणि वाट पाहत बसतात. शिक्षकाला वाईट वाटतं, पण तोंडी मागणीवर कार्यालय काही करू शकत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत विद्यार्थी विकास अधिकारी नेमलेले असतात. हे काम एखाद्या प्राध्यापकाकडेच दिलेलं असतं. कार्यालयात नाव विचारा आणि त्यांना दोन गोष्टींबद्दल भेटा: कमवा आणि शिका योजना, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठीची मदत. कमवा आणि शिकामध्ये ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशी कामं तासांवर मिळतात. जागा मर्यादित असतात आणि सत्राच्या सुरुवातीलाच भरतात. दिवाळीनंतर विचारायला जाणाऱ्याला पुढच्या वर्षी या असंच ऐकावं लागतं. बऱ्याच संस्थांकडे स्वतःचा विद्यार्थी सहायता निधीही असतो. त्याची पाटी कुठे लावलेली नसते, विचारावं लागतं.

अर्ज प्राचार्यांच्या नावे आणि नेमका लिहा. "माझी परिस्थिती बिकट आहे, कृपया आर्थिक मदत करावी" असा अर्ज वाचून समोरच्याला काय द्यायचं तेच कळत नाही. त्याऐवजी असं:

*"मी द्वितीय वर्ष विज्ञान शाखेत शिकत आहे. अवकाळी पावसामुळे घरचं कांद्याचं पीक गेल्याने गेल्या महिन्यापासून मला मेसचे पैसे भरता आलेले नाहीत. पुढील तीन महिन्यांसाठी एक वेळच्या जेवणाचा खर्च विद्यार्थी सहायता निधीतून मिळावा आणि फीचा उरलेला हप्ता जानेवारीपर्यंत भरण्याची मुभा द्यावी, ही विनंती. सोबत उत्पन्नाचा दाखला आणि मेसच्या दराची पावती जोडली आहे."*

कारण, नेमकी मागणी, कालावधी आणि पुरावा हे चारही त्यात आलं. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिल्यासारखा धरू नका.

मुलींनी आणखी एक पाहावं. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ही सवलत असताना कर्ज काढून फी भरलेली असेल तर तो पैसा जेवणातूनच गेलेला असतो. शुल्क विभागात चौकशी करा.

## टप्पा ५: बँक खातं आणि दाखले आधी, योजना नंतर

आता वर्षाच्या भत्त्याची तयारी. मंजूर झालेले पैसे खात्यात न पोहोचण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते अर्जात नसतं, बँकेत असतं.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, तर तुमच्या आधारला जोडलेल्या खात्यावर जातात. "माझं खातं आधारला लिंक आहे" असं सगळेच म्हणतात. पण खातं उघडताना केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि अनुदान जमा होण्यासाठी एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) आधार जोडणं वेगळं; यालाच सीडिंग म्हणतात. दुसरं झालेलं नसेल तर पैसे येत नाहीत. दोन-तीन बँकांत खाती असतील तर सगळ्यात शेवटी जिथे जोडलं तिथे पैसे जातात. कधी ते शाळेत असताना उघडलेलं, व्यवहार नसल्याने बंद पडलेलं खातं असतं.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' असं दिसलं पाहिजे. नसेल तर आपल्या शाखेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे" असंच म्हणा आणि फॉर्म भरा. बँक दाद देत नसेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून तिथे जोडून घेणं सोपं पडतं.

> तपासा: सीडिंगनंतर काही दिवसांनी पुन्हा स्टेटस पाहा. बँकेतला माणूस "झालं" म्हणाला म्हणजे झालं, असं समजू नका.

दाखल्यांमध्ये उत्पन्नाचा दाखला सर्वांत आधी काढा. तो घरच्या तालुक्याच्या तहसीलदारांचा लागतो आणि गावाजवळच्या सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे त्याची मुदत १५ दिवस आहे. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या अर्जाला उपयोगाचा नाही. एप्रिल-मेच्या सुट्टीत गावी असतानाच काढा. त्यासोबत जातीचा दाखला, लागत असेल तिथे जात वैधता, रहिवासी दाखला, कॉलेजचा बोनाफाईड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. नाव प्रत्येक कागदावर एकसारखं हवं. स्पेलिंगमधल्या फरकामुळे अर्ज परत येऊ शकतो.

## टप्पा ६: वर्षाचा भत्ता कोणाला कोणता

वसतिगृहाचा अर्ज नेहमी आधी. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर राहण्या-जेवणाचा प्रश्न तिथेच सुटतो. जागा मिळाली नाही तरच खालच्या योजना लागू होतात, आणि "मिळालं नसतंच, म्हणून अर्ज केला नाही" हे कारण तिथे चालत नाही.

अनुसूचित जमाती: पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. यासाठी नाशिकच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संबंध येतो. जिल्ह्यात कळवणला दुसरं प्रकल्प कार्यालय आहे. कळवणचा मुलगा नाशिकमध्ये शिकत असेल तर तो गावाजवळचं म्हणून तिकडे हेलपाटे घालतो. कॉलेज ज्या प्रकल्पाच्या हद्दीत, तिथे चौकशी करा. गडकरी चौकातलं आदिवासी विकास भवन हे राज्याचं आयुक्तालय आहे, अर्ज मात्र प्रकल्प कार्यालयाकडे जातो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध: डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. कार्यालय नाशिक-पुणे रोडवर, नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात.

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग: ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. इथे जिल्ह्याला जागा ठरलेल्या आहेत आणि निवड गुणवत्तेवर होते, त्यामुळे अर्जाची तारीख चुकली की संपलं.

मराठा आणि खुल्या प्रवर्गातली अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांची मुलं: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर. अल्पभूधारक असल्याचा दाखला वेगळा काढावा लागतो, सातबारा जोडून भागत नाही.

स्वाधारमध्ये नाशिकसारख्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार रुपये धरले आहेत: जेवणासाठी २८ हजार, राहण्यासाठी १५ हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांत जेवणाला महिना २,८०० रुपये. यात एक मेस जेमतेम बसते. पैसे हप्त्यांत येतात, म्हणून पहिला हप्ता आला की मेसची थकबाकी आणि पुढच्या दोन महिन्यांचं जेवण आधी बाजूला काढा. मोबाइल नंतर.

अटींत मुलं तीन ठिकाणी अडकतात. पहिली अट हजेरीची: स्वाधारमध्ये ती ७५ टक्क्यांखाली गेली की हप्ता थांबतो. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आठवडाभराच्या रोजंदारीपायी वर्षाचा भत्ता जाऊ शकतो. दुसरी अट राहण्याच्या पुराव्याची. खोलीमालक भाडेकरार करून द्यायला तयार नसतात, म्हणून खोली घेतानाच विचारा, अर्जाच्या शेवटच्या दिवशी नाही. तिसरी अट रहिवासाची: ज्या शहरात कॉलेज आहे त्याच शहराचे तुम्ही रहिवासी असता कामा नये. आधारवर मामाचा नाशिकचा पत्ता टाकून ठेवलेल्या मुलांचे अर्ज इथे अडतात.

महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'वसतिगृहात राहणारा' आणि 'बाहेर राहणारा' यातला पर्याय खरा निवडा, कारण निर्वाह भत्त्याची रक्कम त्यावर ठरते. अर्ज 'सबमिट' झाला म्हणजे काम संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे क्लार्कने पुढे पाठवेपर्यंत तसाच पडून राहतो. आठवड्यातून एकदा स्टेटस पाहा. कॉलेजच्या पातळीवर दोन आठवडे हलला नसेल तर अर्ज क्रमांकाची चिठ्ठी घेऊन कार्यालयात जा. त्रुटी दाखवून परत आलेल्या अर्जाला मुदत असते आणि त्याचा संदेश बंद पडलेल्या जुन्या मोबाइल नंबरवर गेलेला असतो.

> इशारा: "दोन हजार द्या, स्वाधार पास करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पासवर्ड, ओटीपी किंवा मूळ कागद देऊ नका. सायबर कॅफेत अर्ज भरला तर युजर आयडी आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच लागतो.

## टप्पा ७: हप्ता अडकला, तक्रार कुठे

आधी स्वतःच्या बाजूच्या तीन गोष्टी पाहा: सीडिंग चालू आहे का, हजेरीचा दाखला कॉलेजने पाठवला का, अर्ज कोणत्या टेबलावर आहे. या नीट असतील तर संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं जाऊन विचारलं तर "निधी नाही आला" एवढंच उत्तर मिळतं. लेखी विचारा: माझा अर्ज मंजूर आहे का, किती हप्ते मंजूर आहेत, किती वितरित झाले. उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका, फी १० रुपये.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा एकाच योजनेत अडकलेल्या आठ-दहा जणांनी आपापले स्वतंत्र अर्ज घेऊन एकत्र जावं. सामूहिक निवेदनापेक्षा प्रत्येकाचा अर्ज क्रमांक लिहिलेला वेगळा कागद जास्त कामाचा ठरतो, कारण उत्तरही प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं.

या सगळ्या काळात शरीराकडे लक्ष ठेवा. चक्कर येणं, वजन झपाट्याने उतरणं, मुलींची पाळी चुकणं ही लक्षणं दिसली तर सिव्हिल हॉस्पिटल किंवा महापालिकेचा दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना जेवण कमी पडतंय हे स्पष्ट सांगा. ते न सांगता नुसत्या टॉनिकच्या बाटल्या घेऊन परतणारी मुलं बरीच आहेत. मन फार खचलं असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही, मोफत.

आणि तुमच्या खोलीत, वर्गात कोणी हल्ली "मी जेवून आलोय" असं वारंवार म्हणत असेल, तर त्याला प्रश्न विचारत बसू नका. पहिल्या वेळेस रेशन दुकानात त्याच्यासोबत जा. अनोळखी शहरात त्या रांगेत एकट्याने उभं राहणं फार जड जातं.